मुक्काम सांभाळा, कटऑफ सैल सोडू नका

प्रति,
डोंगरात अनेक दिवसांच्या सायकल शर्यती भरवणारे सर्व आयोजक,

सप्रेम नमस्कार.

मी सायकलवाला नव्हे. एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं हाताला ग्रीस लावून निवृत्त झालो, राहणार नाशिक. मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर हिमालयातल्या एका आठ दिवसांच्या एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलींच्या, शर्यतीत आमच्या घरची जोडी उतरली होती. दाजी, वय ६२, आणि त्यांचे सायकलमित्र सर, वय ६०, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले. त्यांच्या मागे गाडी घेऊन आम्ही बहीणभाऊ. ताई निवृत्त परिचारिका, त्यामुळे औषधं, जेवण आणि बोलणी ही तिन्ही खाती तिच्याकडे. गाडी, सायकली आणि ऐकून घेणं माझ्याकडे.

शर्यतीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, फार चांगली होती, आणि घोटाळा झाला तो त्यांच्या चांगुलपणातूनच झाला. शिवाय परतल्यावर आणखी चार ठिकाणी जाऊन आलेल्या सायकलवाल्यांशी बोललो, तर थोड्याफार फरकानं तीच कहाणी. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी सांगायचं ते इथेच सांगून टाकतो. पन्नाशी-साठीच्या स्पर्धकांना तुम्ही दिवसा सवलत देता. ती नको. त्यांची रात्र सांभाळा.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. टप्पा ६८ किलोमीटरचा, चढ सगळा मिळून २,१०० मीटर. पहाटेपासून पाऊस. देवदाराखालची वाट म्हणजे नुसता काला झाला होता. ओल्या कचीत डिस्क ब्रेकचे पॅड किती झपाट्यानं झिजतात हे मला तोवर ऐकून माहीत होतं. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी मी नवे पॅड घालून पाठवलेली दाजींची सायकल संध्याकाळी आली तेव्हा मागच्या पॅडचं मटेरियल संपून पत्रा डिस्कवर घासत होता. एसटीत लायनर झिजून रिव्हेट ड्रमला लागले की जो आवाज येतो, तोच, फक्त बारीक. शेवटचा उतार दाजी निम्मा चालत आले.

दुसऱ्या चेकपॉइंटचा कटऑफ, म्हणजे तिथे पोचायची शेवटची वेळ, दुपारी तीनचा होता. आमची जोडी तिथे तीन पंचविसाला पोचली. नियमानं तिथेच थांबवायला हवं होतं. तिथल्या तरुण कार्यकर्त्यानं घड्याळ पाहिलं, यांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आणि म्हणाला, "अंकल, आपके लिए सब माफ है, जाइए." वर टाळ्या वाजवल्या. मनानं चांगला पोरगा. त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही.

पुढे २३ किलोमीटर. शेवटचे नऊ अंधारात, दोघांत मिळून एक धड चालणारा हेडलॅम्प. संध्याकाळी सात दहाला ते कॅम्पवर आले. सरांचे दात वाजत होते, बोटांना बुटाची पट्टी सुटत नव्हती. ताईनं गरम पाण्याचा शेक दिला, कोरडे कपडे घातले, तासाभरानं कुठे पेज पोटात गेली. जेवण नऊला. झोप लागली साडेअकराला. दुसऱ्या दिवशी सुटायची वेळ साडेसहा, म्हणजे उठायचं साडेचारला. चौथा टप्पा त्यांनी केला, पण तो सायकल चालवणं नव्हतं, तो हप्ता भरणं होतं. पाचव्या दिवशी पहिल्याच चढावर सर उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि मला फोन केला, "या घ्यायला. आज बेरीज जमत नाही."

समजा, त्या पोरानं तीन पंचविसाला त्यांना थांबवलं असतं. साडेतीनला गाडीत, साडेचारला कोरडे, साडेपाचला जेवलेले, नऊला झोपलेले. त्या दिवसाचा दंड लागला असता, लागू दे. पाचव्या दिवशी सर सायकलवर असते. सवलतीनं आमचा एक टप्पा वाचवला आणि शर्यत घालवली.

तुम्ही म्हणाल, एकाच रात्रीवर एवढं खापर कशाला? तर त्याचं कारण अंगात आहे. जुनी गाडी रस्त्यावर नव्या गाडीइतकी पळू शकते, पण तिला डेपोत जास्त वेळ लागतो. माणसाचं तेच. प्राणवायू वापरायची शरीराची ताकद तिशीनंतर दर दहा वर्षांनी घटते, बैठ्या माणसात साधारण १० टक्क्यांनी, सराव टिकवणाऱ्यात त्याहून बरीच कमी. म्हणून तर पहिल्या दिवशी आमच्या जोडीनं तिशीतल्या अकरा जोड्या मागे टाकल्या होत्या. वैतरणेच्या रस्त्यानं आणि त्र्यंबकच्या घाटात तीन वर्षं घासलेले पाय ते. पण थकलेला स्नायू पुन्हा उभा करायचं काम साठीत हळू चालतं, त्याला प्रथिनं जास्त लागतात, आणि झोप तर लागतेच लागते. तहानेची जाणीवही वयानुसार बोथट होते. सर दिवसभर म्हणत, तहानच नाही. बाटली भरलेलीच परत यायची. ताईनं शेवटी घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावून दिला. तहान लागो न लागो, गजर वाजला की दोन घोट.

रस्त्यावरच्या शर्यतीत हे सगळं गाडीतून सांभाळता येतं. आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही शर्यत जोडीनं पूर्ण केली. त्या शर्यतीत क्रूची, म्हणजे मदतनिसांची, गाडी हा शर्यतीचाच भाग असतो. ती मागे चालते, वाट दाखवते, खायला देते, रात्री तिच्याच उजेडात सायकल पळते. डोंगरात गाडीला वाटच नाही. स्पर्धक ओढ्यातून, पायवाटेनं, जंगलातून जातो, आणि खाणं-पाणी देण्यासाठी ठरवलेल्या फीड झोनखेरीज बाहेरच्यानं मदत केली तर बहुतेक शर्यतींत दंड. हा नियम मला मान्य आहे, नाहीतर ज्याचा क्रू मोठा तोच जिंकेल. पण मग आम्हा मदतनिसांच्या हातात काय उरतं? संध्याकाळ ते पहाट. फक्त मुक्काम.

मुक्काम हा शब्द आम्हा एसटीवाल्यांच्या रोजच्या वापरातला. शेवटची गाडी खेड्यात जाऊन थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. गावानं झोपायला धड जागा दिली, पहाटे चहा दिला, तर ती गाडी वेळेवर सुटते. नाहीतर सबंध दिवसाचं वेळापत्रक बोंबलतं. तुमची शर्यत म्हणजे सलग सात मुक्काम. आणि तिथे काय होतं ते सांगतो.

क्रूच्या गाड्या कॅम्पपासून तीन किलोमीटर खाली लावायला लावल्या, धूळ आणि गर्दी नको म्हणून. कारण समजतं. पण तिथून वर यायला काहीच सोय नाही. साठीची ताई कुकर, तांदूळ, डाळ आणि औषधाची पेटी पाठीवर घेऊन रोज चढायची. कुकर कशाला न्यायचा, असं एकानं विचारलंही. कारण ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात भात शिजता शिजत नाही, आणि दमलेल्या पोटाला मऊ भात, मेतकूट आणि तूप यापलीकडे काही चालत नाही. तुमच्या जेवणाच्या तंबूत पास्ता होता. चांगला होता, मी दोनदा घेतला. सर त्याच्याकडे बघून मान फिरवायचे.

सायकली धुवायला पाण्याची नळी एक, सायकली शंभराच्या वर. जे आधी पोचतात ते आधी धुतात, म्हणजे सगळ्यात तरुण आणि सगळ्यात कमी दमलेले. आमचा नंबर यायचा रात्री आठला, अंधारात. त्यानंतर चेन पुसायची, तेल द्यायचं, पॅड बघायचे, टायरमधलं भोक बुजवणारं सीलंट हलवून बघायचं, गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय का ते पाहायचं. डिरेलरचा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, डोंगरातल्या गावात तो कुठून मिळणार? म्हणून नाशिकहून चार नेले होते. दोन लागले.

दुसऱ्या दिवसाच्या वाटेची माहिती रात्री नऊला, तीही स्पर्धकांनी स्वतः यायचं अशा अटीवर. पन्नास मिनिटं. त्यातली पंधरा पुरस्कर्त्यांचे आभार मानण्यात. साठीचा माणूस त्या वेळी अंथरुणात असायला हवा. हीच माहिती क्रूला संध्याकाळी पाचला द्या, आम्ही पोचवू. छापून द्या, आणि छापताना जरा मोठ्या अक्षरात. सायकलच्या दांड्यावर चिकटवायला चढ-उताराची जी पट्टी तुम्ही देता ती सुंदर असते, पण तिच्यावरचे आकडे मुंगीएवढे. दाजींची चाळिशी घरी टेबलावर असते, डोंगरात नाही. त्यांनी एका टप्प्यावर ४७ चं ४१ वाचलं आणि सहा किलोमीटर आधीच फीड झोन शोधत बसले. मी आता पट्टीवर वरून स्केचपेननं तीन आकडे काढून देतो.

आणि शौचालयं. तंबूपासून २४० पावलं, मी मोजली आहेत. साठीच्या पुरुषाला रात्री किती वेळा उठावं लागतं हे तुमच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मला लिहायला लावू नका. पाच दिवसांत सर सायकलवरून एकदाही पडले नाहीत. पडले ते रात्री पावणेदोनला, तंबूच्या दोरीत पाय अडकून. गुडघा सुजला तो तिथे.

त्या गुडघ्यावरून आणखी एक विषय निघतो, आणि या बाबतीत ताईनं मला बजावून लिहायला सांगितलं आहे. चौथ्या दिवशी पाणी देण्याच्या ठिकाणी कुणीतरी सरांचा गुडघा बघून त्यांना दुखण्याची गोळी दिली. सर रक्तदाबाची गोळी घेतात. रक्तदाबाची काही औषधं, अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि वर वेदनाशामक, या तिन्हींची गाठ पडली की मूत्रपिंडांवर भार येतो. तरुणाला सहसा पचून जातं, पण या वयात तशी खात्री नाही. ताईला हे संध्याकाळी कळलं तेव्हा ती जे बोलली ते पत्रात येत नाही. नोंदणीच्या वेळी रोजच्या औषधांची यादी मागा. ती वैद्यकीय पथकाकडे ठेवा, आणि स्पर्धकाच्या नंबरप्लेटच्या मागे चिकटवा. वाटेत कुणालाही काही औषध दिलं तर क्रूला एक फोन करा. त्या तंबूत डॉक्टर होते, रुग्णवाहिका होती, सगळं होतं. फक्त कागद नव्हता.

आमच्या स्वतःच्या झोपेबद्दलही दोन शब्द, कारण त्यावर कुणी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची वाट डोंगरावरून ६८ किलोमीटर, आमची डोंगराला वळसा घालून १४०, सगळी घाटाची. पहाटे साडेतीनला उठलेलो मी रात्री अकराला सायकली आवरून गाडीत आडवा झालो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाचे दिवसाचे तास आठ ठरवून दिले होते, ते उगाच नव्हे. चौथ्या दिवशी एका वळणावर माझा डोळा लागला. ताईनं हाक मारली म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुमच्या नियमपुस्तकात स्पर्धकाच्या हेल्मेटवर दीड पान आहे. क्रूच्या चालकावर एक ओळ नाही. माझ्या मते अशा शर्यतीत सगळ्यात मोठा धोका सायकलवर नसून त्या गाड्यांत असतो.

बाहेर काय करतात ते मी घरी आल्यावर वाचून काढलं, सरांनी मदत केली. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक २००४ पासून चालते, आठ दिवस, जोडीनंच. दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या अंतरात राहायचं असा नियम, आणि चाळिशीपुढच्या, पन्नाशीपुढच्या जोड्यांचे वेगळे गट. आल्प्समधली ट्रान्सआल्प १९९८ पासूनची. तिथे मोठ्यांच्या गटासाठी जोडीच्या वयांची बेरीज धरतात, ८० च्या पुढे एक गट, १०० च्या पुढे दुसरा. सरांना हे फारच आवडलं. आमची बेरीज १२२! आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाळीस उलटले की सगळे एकाच पोत्यात, ४१ चा आणि ६२ चा शेजारी-शेजारी. आणि मग बक्षीस समारंभात आमच्या जोडीला वेगळं बोलावून शाल-श्रीफळ. सर शाल खांद्यावर घेऊन खाली आले आणि म्हणाले, "ही ओली झाली तरी चालेल ना? तंबूत खाली अंथरतो." सत्कार नको, निकालपत्रकात एक ओळ द्या: गट, वेळ, क्रमांक. शेवटचा आला तर शेवटचा लिहा.

पण मला सगळ्यात मनाला लागलं ते दक्षिण आफ्रिकेतल्याच सानी-टू-सीचं उदाहरण. ग्लेन हॉ नावाच्या शेतकऱ्यानं २००५ मध्ये सुरू केलेली तीन दिवसांची शर्यत, ड्रेकन्सबर्गच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत. वाटेवरच्या शाळा आणि शेतकरी मंडळी पाणी, जेवण, मुक्काम सांभाळतात, आणि पैसा शाळांकडे जातो. आपल्या डोंगरात हे करायला काय हरकत आहे? सहाव्या मुक्कामाला कॅम्पच्या खालच्या वाडीतल्या बायकांनी चुलीवर राजमा-भात केला होता, विकायला. दाजी दोन ताटं जेवले, त्या रात्री नऊ तास झोपले आणि सातव्या दिवशी, सर थांबल्यामुळे एकटेच सायकल चालवत असूनही, शर्यतीतला सगळ्यात चांगला वेळ काढला. त्या बायकांना कॅम्पचं जेवण द्या. पास्ता तरुणांसाठी राहू दे.

सर गाडीत बसल्यापासून रिकामे राहिले नाहीत. बाटल्या धुतल्या, मला पाने दिले आणि वहीत एक तक्ता आखला. टप्पा संपल्यापासून झोप लागेपर्यंत किती तास, झोप किती, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासात किती किलोमीटर. नाशिकला आल्यावर त्याची शुद्ध प्रत करून मला दिली. पहिल्या दिवशी झोप आठ तास, तिसऱ्या रात्री पाच. पुढचा आकडा तुम्हीच काढा. ज्या आयोजकांना हवा असेल त्यांना तो तक्ता पाठवीन.

तर मागणी एवढीच. कटऑफ सगळ्यांना सारखा ठेवा आणि पाळा. ज्याला थांबवाल त्याला दंडाचा वेळ लावून दुसऱ्या दिवशी सुटू द्या, जोडीतला एक थांबला तर दुसऱ्याला एकट्यानं पुढे जाऊ द्या, हे काही शर्यतींत होतंही. तंबू वाटताना पन्नाशीपुढच्यांना शौचालयाजवळचे आणि सपाटीवरचे द्या. नळ्या तीन करा, किंवा एक नळी उशिरा येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. दर कॅम्पला क्रूच्या सामानासाठी एक जीप खाली-वर करू द्या, पैसे आम्ही देऊ. क्रूचं नाव नोंदणीत घ्या, गळ्यात पास द्या, माहिती पाचला द्या. जिथे क्रूचा चालक एकच आहे तिथे गाडी पुढच्या मुक्कामी नेण्यासाठी एखादा स्थानिक चालक भाड्यानं मिळवून द्या. हिमालयातल्या रस्त्यावर स्थानिक चालकाचा हात मी पाहिला आहे. आम्ही एसटीवाले सहसा कुणाला मानत नाही.

दाजींनी आणि सरांनी पुन्हा सराव सुरू केला आहे. रविवारी पहाटे दोघं अंजनेरीकडे जातात, मी थर्मास घेऊन त्र्यंबक रस्त्याला उभा असतो. यंदा बेरीज १२४ होते. पुढच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये मदतनिसांसाठी रकाना दिसला तर माझं आणि ताईचं नाव त्यात लिहू. नाही दिसला तर समासात लिहू.

आपला,
एक मदतनीस
नाशिक

ता. क. : तंबूच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. अंधारात दिसतात. एका जुन्या धोतरात सगळा कॅम्प होतो.